शून्य पाहून घ्या

जून महिना. आमच्याकडे ही थंडी.
पहाटे पाचला पंपाचे दिवे लावते
आणि हात काखेत धरून उभी राहते
दोन नळ्यांच्या मधे:
डावीकडे पेट्रोल, उजवीकडे ऊस.

गिऱ्हाईक फलक वाचतं, ओठांतल्या ओठांत हिशेब करतं.
उसाचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला
तर ऊस. वर गेला तर पेट्रोल.
पृथ्वीचं भलं सत्तरापर्यंतच परवडतं.
मी कोण बोलणार. मी नळी धरते.

परवा साव पावलोची एक पोरगी म्हणाली,
"किती छान ना, झाडानं हवेतून घेतलेलंच
आपण हवेला परत देतो."
म्हटलं, हो.
खरंच असेल. शिकलेली होती.
मला त्या वासात बेलार्मिनो दिसतो,
माझा बाप.

जेकितिन्योन्याच्या खोऱ्यातून दोन दिवसांची बस,
गाठोड्यात कोयता, आठ महिन्यांचा करार.
रात्री फड पेटवायचे, पाचट जळून जायचं,
सकाळी हे काळ्यात शिरायचे.
गावातल्या बाया आभाळाकडे बघत
दोरीवरचे कपडे ओढून घ्यायच्या,
राख यायची भुरभुरत, पाखराच्या पिसासारखी,
आणि चादरीवर बोट लावलं की रेघ.
दिवसाला बारा टन.
रात्री त्याच्या मुठी उघडायच्या नाहीत.
आई एकेक बोट सोडवायची,
जसं कणसाचं पान सोडवावं.

मग यंत्रं आली. जाळणं थांबलं.
राखही थांबली.
चादरी पांढऱ्याच्या पांढऱ्या.
बाप दारात स्टुलावर बसून
त्या पांढऱ्या चादरींकडे बघायचा.
किती वर्षं, ते मी मोजलं नाही.

आज पहाटे एक जुनी फियाट आली,
माझ्याहून वयानं मोठी,
मागच्या काचेवर झिजलेली अक्षरं: फक्त अल्कोहोल.
खोकत खोकत पंपापाशी येऊन मेली.
म्हाताऱ्यानं बॉनेट उघडलं.
आत मिठाच्या बरणीएवढी एक टाकी, कोरडी.
"यात घोटभर पेट्रोल घाल बाई.
थंडीत त्याच्याशिवाय ही उठत नाही."
बघा, उसावर चालणारी गाडी,
आणि पहाटे तोंडात घोट मात्र पेट्रोलचाच.

आवाज ओळखला.
आनाक्लेतो. मुकादम.
दोन मीटरचा लाकडी कंपास घेऊन
तोडलेल्या सऱ्यांवरून गिरक्या मारत जायचा,
टोक टेकतंय न टेकतंय तोच पुढे.
प्रत्येक गिरकीला वीतभर ऊस
त्याच्या कंपासातून गळून पडायचा.
बाप घरी येऊन सांगायचा, शंभर तोडले, ऐंशी भरले.
तक्रार म्हणून नाही. हवा सांगावी तसं.

"आणि वीस लिटर ऊस," म्हातारा म्हणाला.

नळी माझ्या हातात होती.
चष्मा त्याचा धुक्यानं भरलेला.
पंपावर मी आणि तो, तिसरं कुणी नाही.

"शून्य पाहून घ्या," मी म्हटलं.

त्यानं आकड्याकडे पाहिलं नाही.
माझ्या छातीवरची पाटी वाचली: जुरेमा.
"कुठल्या तुम्ही?"
"जेकितिन्योन्याची."
"तिकडून पुष्कळ यायचे पूर्वी."
"यायचे. बेलार्मिनो यायचा."
तो बॉनेटच्या आत काहीतरी शोधू लागला.
आत शोधण्यासारखं काही नव्हतं.

वीस लिटर. वीसच.
पैसे देताना दोन नाणी जास्त आली.
मी ती टपावर ठेवली,
त्यानं उचलली की नाही, बघितलं नाही.

इंजिन लागलं. गोडसर आंबूस धूर,
गुऱ्हाळाच्या मागच्या बाजूला येतो तसा.
रस्त्यापलीकडे फडात यंत्राचे दिवे
सावकाश वळत होते.

नळी जागेवर अडकवली.
बोटं लगेच उघडली नाहीत.
थंडीच होती तेवढी.