चौथा बाक

एकोणतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते.
नुसत्या श्वासावरून कळायचं, कोण रडून आलंय, कोण पिऊन,
कुणाला नंबर नकोच आहे, फक्त बोलायचंय.
म्हणून पास्टर सौली म्हणाले, रायली, तुझे कान दे आम्हाला.
रविवारची उपासना आता बाहेर जाते,
वृद्धाश्रमात, बोथनियाच्या आखातातल्या बोटींवर,
स्टॉकहोमला गेलेल्या मुलांकडे,
आणि सगळे म्हणतात, विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटतं.

खरंच वाटत होतं.
पहिलं रेकॉर्डिंग मी स्वयंपाकघरात ऐकलं, बटाटे सोलत.
उपदेश छताला जाऊन आपटायचा
आणि खाली उतरेपर्यंत अर्धी अक्षरं सांडायची.
तळाशी एक अखंड घूं घूं, बाकांखालच्या हीटरांची.
ऑर्गन सुरू झाला की सुई लाल घरात शिरायची
आणि सगळं टरकन फाटायचं, विरलेल्या चादरीसारखं.
आणि स्तोत्रात,
पस्तीस माणसांच्या स्तोत्रात,
एकटा ओस्मो.

खांबावरचा मायक्रोफोन बरोब्बर त्याच्या डोक्यावर.
चौथा बाक, आतलं टोक, चाळीस हिवाळे.
सुरापेक्षा अर्धा हात खाली,
आणि ओळ सगळ्यांच्या आधी संपवणार,
घरी गाय व्यायला टेकली असावी तसा.

त्याला हलवणं शक्य नव्हतं. मी मायक्रोफोन हलवला.
मागच्या भिंतीवर आईच्या लोकरी सतरंज्या टांगल्या.
उपदेशापुरते हीटर बंद. लोक कोट घालून बसले,
माझ्याकडे बघून उसासे टाकले, त्यांचीही वाफ दिसली.
सौलींच्या कॉलरला बटणाएवढा माइक लावला,
तर ते ओठ चाटतात तेही ऐकू यायला लागलं,
मग तो चार बोटं खाली.
एका ‘स’वर मी रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते.
शीळ घालायचा मेला.

फेब्रुवारीत ओस्मो बर्फावर पडला. खुब्याचं हाड.
मार्चपासून तो माझा श्रोता.
खोली नंबर अकरा, खिडकीबाहेर पार्किंग.
एका संध्याकाळी त्याचा फोन:
‘स्वच्छ आहे गं. एकेक शब्द कळतो.
वासाची माझी बहीण, हिल्क्का, मागे म्हणायची,
रेकॉर्डिंगमध्ये मला फक्त तूच ऐकू येतोस.
मला वाटायचं, कौतुक करतेय.’

एक्सचेंजमध्ये आम्हाला शिकवलं होतं,
लाइनवर कुणी गप्प झालं तर मध्ये पडायचं नाही.
मी पडले नाही.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, हीटर मात्र लावत जा,
लेम्पीचे गुडघे धरतात.

पुढच्या रविवारी मी त्याला फोन लावला
आणि तसाच चालू, मिक्सरशेजारी ठेवून दिला.
का, ते विचारू नका. जुनी खोड,
दोन टोकं जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं.

शेवटचं स्तोत्र संपलं. ऑर्गनची फुंकर छतात विरली.
लोक उठले. टोप्या, हातमोजे, दाराशी कॉफीचा वास.
मी रेकॉर्डिंग थांबवलं, लाल दिवा विझला.
पण इंटरनेटवरून पोचायला आमच्या चर्चला
अर्धं मिनिट लागतं,
त्यामुळे फोनमध्ये अजून शेवटचं कडवं चालू होतं,
अर्धा हात खाली,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
सगळ्यांच्या मागून.

वायर गुंडाळायला घेतली होती,
ती हातातच राहिली.