निळा म्हणजे खोटा

आमगाव रोडवरच्या बंद राईस मिलमध्ये
आता दर रविवारी लढाई असते.
माणशी सहाशे रुपये, चहा-पोहे धरून.
गोंदियाचे पोट्टे येतात, कधी नागपूरचेही,
छातीवर पट्टे, डोळ्यांवर जाड चष्मे,
प्लास्टिकच्या छऱ्यांच्या बंदुका,
आणि मी, टेकचंद पटले, निवृत्त हवालदार,
गळ्यात शिटी घालून त्यांचा पंच.

मिलवाल्याचा नातू खोकं घेऊन आला मागे.
"काका, पाहा, ग्रेनेड."
उचलला. हलका.
कानाशी नेऊन हलवला, उजव्या कानाशी,
तर आत खुळखुळ.
वाटाणे.
"चारी बाजूंना उडतात. ज्याला लागले तो मेला."
म्हटलं, वाटाणा कशाला बाबू, महाग पडते,
लाखोळी भर.
तेव्हापासून लाखोळीच भरतो तो,
आमच्याच घरची, पायलीच्या हिशोबानं.

आमच्या वेळी सरावाचा निळा असे.
निळा म्हणजे खोटा,
हे उस्ताद डोंगरवारांचं पहिलं वाक्य.
पोट रिकामं, बुडाला भोक,
आवाज टाळीएवढा: फट्.
तोच तो शंभरदा फेकायचा,
गवतातून शोधून परत आणायचा.
हरवला तर पगारातून कापतील,
ही भीती बाकी कशाहीपेक्षा मोठी.
पिन. हात. दार. डोळे मीट. तोंड उघड. पाठ कर.
अजून आंघोळीला बसलो की हे शब्द
पहिल्या तांब्याबरोबर डोक्यावर येतात.

खऱ्याचा रंग मला आठवत नाही.
एकदाच फेकला.
नदीपलीकडचं गाव, नाव सांगत नाही.
घर बरोबर होतं,
माणूस आदल्या दिवशीच निघून गेलेला.
फटीतून आत टाकला
आणि शिकवलं तसं सगळं केलं,
तोंड उघडायचं तेवढं विसरलो.

आत एक म्हातारा, एक शेळी, चुलीवर आंबील.
कोणी मेलं नाही.
अहवालातही तेच लिहिलं: कोणी मेलं नाही.
म्हातारा हातात पळी धरून तसाच बसलेला,
डोळे उघडे, माझ्याकडे,
पण मी काही त्यांत नव्हतो.
शेळीनं उभ्या उभ्या मुतलं.
मी विचारलं, बाबाजी, पाणी देऊ का?
मलाच ऐकू आलं नाही.
त्यानंही काही विचारलं असावं.
दोघं नुसते तोंड हलवत राहिलो
आटत्या बोडीतल्या मासोळ्यांसारखे.

डाव्या कानात तेव्हापासून एक रातकिडा आहे.
कौतिका उजवीकडे झोपते.
फारच राग आला की डावीकडे येऊन बोलते,
मला कळत नाही, तिला मोकळं वाटतं.

इथला नियम साधा.
पाच पावलांच्या आत फुटला तर हात वर,
"हिट" म्हणायचं, चालत बाहेर यायचं.
कोणी तपासत नाही, ज्याचं त्यानं कबूल करायचं.
थोडी लबाडी होते,
पण बहुतेक पोट्टे हात वर करतात.
मेलेले येऊन माझ्या बाकावर बसतात,
केसांतून दाळीचे दाणे काढतात, पोहे खातात.
सांडलेली लाखोळी सोमवारी
बाजूच्या टोलीवरच्या शेळ्या वेचून नेतात.
मी हाकलत नाही.

गेल्या रविवारी लोमेश बावनथडे मेला,
बारावीतला, मिशी आत्ताच कुठे फुटलेली.
बसता बसता म्हणाला,
"काका, खरा कसा राहते जी?"
"आवाज मोठा राहते."
"किती मोठा?"

सांगणार होतो.
तेवढ्यात आत फट् फट् सुरू झालं,
तो डावीकडे सरकला,
आणखी काही विचारलं त्यानं,
ओठ हलताना दिसले.

मी हात वर केला.

त्याला वाटलं, नवा डाव सुरू.
पोह्यांची प्लेट बाकावर टाकून
धावत सुटला कोंड्याच्या ढिगाकडे.