धंदा : इतर

वर्ध्याहून पोट्टं आलं, निकेश म्हने नाव.
गाडीच्या डिक्कीत एक मशीन, कोऱ्या नळ्यायची थैली
आन् लग्नाच्या यादीएवढा लांब फॉर्म.
अंगनवाडीत लेकरायचा वजनकाटा बाजूले सरकवून
थ्यानं सतरंजी टाकली.

पहिले वाचून दाखवलं:
"या अभ्यासातून तुम्हाला स्वतःला
थेट फायदा होईलच असं नाही."
वाचताना थो खाली पाहे.
मी म्हनलं, बावा, अजून एक डाव वाच.
आजवर जेवढे कागद कोनी वाचून दाखवले
साऱ्यायत फायदाच फायदा होता.
हा पहिलाच खरं बोलला.
आन् अंगठ्याची शाई ठेव तिकडे, मले सही येते.

नाकाले चिमटा लावला,
दोरीवरच्या कपड्यायले असते तसाच.
"फुंका आजी, फुंका फुंका फुंका —"
तीस वर्सं चूल फुकली मी,
ओल्या पऱ्हाट्या फुकून पेटवल्या,
आन् मशीन म्हने, कमी पडलं, आनखीन.
तिसऱ्या खेपेले डोयापुढं काजवे आले
आन् काचेवर एक रेघ आली.
चढली, लगेच बसली,
पाय मोडल्या बकरीवानी.
हे माहं? म्हनलं.
हो, म्हने, तुमचंच.
फोटो पाहिला होता माहा, एक्स-रे पाहिला होता,
दम कधी पाहिला नव्हता.

मंग धंद्याचा रकाना.
शेती, मजुरी, घरकाम, इतर.
जिनिंग लिव्ह, म्हनलं.
"जिनिंग नाही यात, आजी. इतर करतो."
इतर काऊन रे?
बावीस हंगाम, दसऱ्यापासून शिमग्यालोक,
रेच्याखालून रुई ओढली.
केस पांढरे व्हायच्या आधीच
रोज संध्याकाई पांढरे होये,
तोंडाले पदर बांधला तरी केर आरपार जाये.
तथल्या हजेरीबुकात नाव फक्त ठेकेदाराचं,
खाली लिवलं राहे: बाया — बारा.

आन् हे बी लिव्ह.
बुधवारचा बाजार, बुधवारची सुटी.
गुरुवारी आत पाय ठेवला का छातीवर जातं.
शुक्कुरवारी हलकं, शनवारी त्याहून हलकं.
आमी म्हनो, सुटी बाधते गरिबाले,
आन् हसो, खोकत खोकत.
पोट्ट्याचा पेन थांबला.
"सुटीच्या दुसऱ्याच दिवशी? सगळ्यांनाच?"
साऱ्यायलेच.
आमाले जे ठाऊक होतं
थे पहिल्यांदा कोनी इचारलं.

पंचफुला गेली, सायत्रा गेली, आत्रामाची इठा गेली.
यायचे नावं घालता येतीन का?
"जिवंत माणसाचीच नोंद होते, आजी. संमती लागते त्यांची."
खरं हाये.
फुंकतीन कशा.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद होता.
थ्याच्यात बारीक अक्षरानं थ्यानं लिवलं,
मले वाचून बी दाखवलं:
बाया बारा. उरल्या चार.

जाताना एक कार्ड दिलं, नंबराचं.
"नाव कुलपात राहते, आजी, फिरते फक्त नंबर."
म्हंजे पुन्हा बाया बारा?
थो हसला नाई. म्हने, नाही, यात तुम्ही एकट्याच आहात.
राशनकार्डात ठेवलं मी थे.

आता दर सहा महिन्यानं फोन येते:
किती चाललं का दम लागते?
मागच्या खेपेले हापशीपासून मारोतीच्या पारालोक.
औंदा ठावऱ्याच्या फाटकाशीच टेकते.
पावलं मोजून ठेवली, एकशे अडतीस.
कमी झाले तरी वाढवून सांगायचे नाई,
असं माह्याशीच ठरवलं.

थ्याच फाटकातून ठावऱ्याची सून निंघते
भोंग्याच्या आधी, ओढनी तोंडाले गुंडाऊन.
तिले थांबवून सांगतलं,
पोरी, गुरुवारी कसं वाटते थे ध्यानात ठेव.
कोनीतरी इचारीन.