चौथा

झावळ्यांचा रविवार होऊन दोनच दिवस झालेले,
दारामागं खोचलेली झावळी अजून हिरवी होती
आणि सळईच्या कारखान्यात भट्टी उसळली.
हनोख रात्रपाळीला होता.
घाटीत एकोणचाळीस दिवस,
मग जालन्याला, घरी,
केळीच्या पानावर निजवलेला.

मी देवळात जाणं सोडलं.
पाळकसाहेब आले,
चपला काढून उंबऱ्यापाशीच बसले.
मीच बोलले :
शब्बाथशाळेत तुम्हीच शिकवलं होतं ना,
भट्टीत टाकलेले ते तिघं,
डोईचा केससुद्धा करपला नाही म्हणून?
मपल्या माणसाच्या अंगाला अजून वास येतो.

त्यांनी उत्तर दिलं नाही.
पाणी मागितलं, प्याले, गेले.
लई राग आला मला त्या रिकाम्या तांब्याचा.

मार्थाबाई सांगतात, त्या रविवारी उपदेश झालाच नाही.
गीतांचे आकडे लिहायचा जो फळा,
त्यावर पाळकांनी खडूनं सात वार लिहिले
आणि मंडळीकडं वळून एवढंच म्हणाले,
रात्रीचं कोण कोण?

सोमवारी ओबेद खरात, रिक्षावाला.
कूस बदलताना हनोख नाही,
तोच डोळे गच्च मिटायचा.
मंगळवारी मगरे सर. त्यांना येतं फक्त बीजगणित,
म्हणून पेपर वाचून दाखवायचे,
मोसंबीचे भाव, सरकीचे भाव,
निधनवार्ता तेवढ्या गाळून.
बुधवारी ते दोघं भाऊ,
बांधावरून सहा वर्षं अबोला धरलेले.
चादरीचं एक टोक याच्या हातात, एक त्याच्या.
"उचल" म्हणावंच लागायचं.
गुरुवारी शांतवन. तो घोरायचा,
हनोखच त्याला हाका मारून उठवायचा.
शुक्रवारी दोनदा कुणीच आलं नाही.
तेही सांगते. साक्ष द्यायची तर खोटी नको.

बाया दिवसा यायच्या.
टँकरचा भोंगा वाजेपर्यंत मपला ड्रम भरलेला असायचा,
कुणी भरला ते कळायचं नाही.
स्त्रीसभेच्या मुठीच्या डब्यातली ज्वारी
एकीनं दळून आणली, दुसरीनं चाळली,
तिसरी भाकरी जाड झाली म्हणून दोघींना बोलली.
जाताना प्रार्थना.
मी नाही बसले त्यात. मी वरणाला फोडणी दिली.
मोहरी तडतडली, त्यांचा आमेन बुडाला.
उद्या पुन्हा आल्या.

मग ती जूनमधली रात्र.
लाईट गेली, पंखा थांबला,
अंधारात सुवार्ता बोटं मोजत बसली :
बाबा एक, आई दोन, मी तीन.
खाटेच्या पायथ्याशी कुणाचा तरी श्वास.
"आई," ती म्हणाली, "मग चौथं कोण हाय?"

काडेपेटी हातात होती.
मला ठाऊक होतं, सोमवार आहे, ओबेद आहे,
त्याच्या शर्टाला सीएनजीचा वास येतो.
तरी मी काडी ओढली नाही लगेच.
राहू दिलं तसंच,
थोडा वेळ.

आता हनोख दारालगतच्या बाकावर बसतो,
गर्दीची ऊब त्याला सोसत नाही.
डाव्या हाताची मूठ वळत नाही.
गीतांचं पुस्तक मगरे सर धरतात
आणि पान नेहमी एक ओळ उशिरा उलटतात,
मागच्या बाकावरचे सगळे मग
त्यांच्यासाठी तो सूर लांबवतात.
अंगाचा वास अजून येतो कधीमधी, ढगाळ हवेत.
पाळकसाहेबांनी उत्तर दिलेलं नाही.
मीही पुन्हा विचारलं नाही.

परवा फळ्यावर दुसऱ्या घराचा पत्ता होता,
रेल्वे फाटकापलीकडची कुणी म्हातारी, एकटी,
खाली सात वार.
शुक्रवार रिकामा.

मी खडू मागितला.