एकपदरी

रात्री दोननंतर लातूर रस्त्यावरचे उसाचे ट्रक
जरा विरळ होतात.
तेव्हाच तळघरातलं टेबल थरथरायचं थांबतं
आणि मी लेसर लावते.

दोन मणी.
एक काचेच्या नळीनं ओढून धरलेला,
दुसरा उजेडाच्या चिमटीत.
मधे तो, जो दिसत नाही.
त्याचा जोडीदार काल कॉस्टिक सोड्यात सुटून गेला.
पीळ गेला, जिना गेला,
राहिला एकेरी डीएनए,
स्वतःच्याच अंगाला चिकटत, सुटत,
पाण्याच्या धक्क्यांनी गोळा होत.

मला एवढंच मोजायचंय,
किती ओढलं म्हणजे किती लांबतो.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,
हे आमच्या घरात म्हण म्हणून कुणी म्हणत नसे.
धंद्यातली गोष्ट होती ती.
केकताड कुजवायचं, बडवायचं,
वाख काढायचा, मांडीवर वळायचा.
आबांच्या उजव्या मांडीवर अजून केस उगवत नाहीत.

माळेगावच्या जत्रेतून
न खपलेली दावी खांद्यावर टाकून
ते आज थेट इथंच आले.
नायलॉननं यंदाही मारलं.
खाजाभाईंनी गेटवरच्या वहीत लिहून घेतलं:
मसाजी घोडके. काम, पोरीला भेटणे.

"काय वढायलीस गं एवढ्या रातीचं?"
"एक पदर, आबा."
"एका पदराचा दोर नसतो, बाई.
एक पदर म्हंजी नुसता वाख."

मी आलेख दाखवला.
सहा पिकोन्यूटनपर्यंत हा जोडीच्या धाग्याहून आखूड,
गुडघे पोटाशी घेऊन पडलेला.
सहाच्या पुढं मात्र
एकटाच जोडीपेक्षा लांब जातो.

"आन ह्ये सहा म्हंजी किती?"
रक्तातल्या सहा-सात तांबड्या पेशी
हातावर ठेवल्या तर जेवढं वजन होईल, तेवढं.
आबांनी तळहात उघडून पाहिला.

मीठ कमी केलं की फुगतो,
स्वतःशीच फटकून राहतो,
हे त्यांना लगेच पटलं.
पाणी बदललं की वाखही बदलतो म्हणाले.

पण ताणलेला परत का येतो
हे सांगताना मी अडखळले.
रबर ताठरतं तसं नाही, आबा.
सरळ असण्याची रीत एकच,
वेडंवाकडं असण्याच्या मोजता न येणाऱ्या.
जिथं जास्त घरं उघडी
त्या गावाकडं तो नुसता परततो.

ते काही बोलले नाहीत.
मलाही हे पटायला दोन वर्षं लागली होती.

मग मी म्हटलं, तुम्ही फिरवा.
पाय रोवून उभे राहिले,
जसं लिंबाला दोर बांधून ओढायचंय.
दोन बोटांनी चकती फिरवली.
दोर पडद्यावर नव्हताच,
ते मण्याकडंच बघत राहिले.
आधी मणी नाचत होता,
कडा डोळ्याला ठरू न देणारा.
मग नाच लहान झाला.
आणखी लहान.

"बास. आता फुडं न्यायचं न्हाई."
कशावरून?
"थरथर मेली की दोर भरला."

मी आकडा पाहिला. बावन्न.
सरांनी साठला थांबायला सांगितलं होतं.

चकती उलटी फिरली, सावकाश,
आणि रेषा आली त्याच वाटेनं मागं.
अगदी त्याच नव्हे,
खाली, दोन-तीनच्या आसपास जरा चुकली,
कुठंतरी नवी गाठ बसली असेल.
तेवढ्यात वरून ट्रक गेला
आणि मणी चिमटीतून निसटला.

"तुटला?"
नाही, हातातून सुटला.
"मंग ठीक," म्हणाले,
आणि खुर्चीतच बसल्या बसल्या झोपले.

सकाळच्या लोह्याच्या गाडीनं ते गेले.
खाली येऊन पाहते तर
टेबलाच्या पायाला भिंतीतल्या हुकाशी
बांधून ठेवलंय तीनपदरी दावं,
नवं कोरं, घट्ट.
हवेवर तरंगणारं टेबल.
हलतंय म्हणून असेल.
मी अजून सोडलेलं नाही.