नव्वद जीबीचा पंचनामा

खराडीत, सातव्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
मी एक प्रोग्राम मारला. मुद्दाम.
आधी पोटभर मेमरी खाऊ घातली,
मग शून्य नंबरच्या पत्त्यावर धाडला.

मागे उरली नव्वद जीबीची फाइल.
काळभोर दचकली, "अगं, डिस्क भरेल!"
भरली नाही. आतून पोकळच ती,
शून्यं, नुसती शून्यं,
आणि पार तळाशी मी पेरलेला एक आकडा:
हडपसरच्या सायकल दुकानाचा
बंद झालेला लँडलाइन.

डीबगरला म्हटलं, शोध.
चार जीबीच्या वेशीपर्यंत नीट गेला,
तिथे त्याची बोटं संपली, मोजणी पुन्हा एकपासून,
आणि भलताच आकडा आणून दिला
ठामपणे,
पत्ता माहीत नसताना
"सरळ जा, मग डावीकडे" सांगणाऱ्यासारखा.

एका ओळीत चूक होती. बत्तीसच्या जागी चौसष्ट.
पुन्हा चालवला. मशीनचा वेलदोड्याचा चहा,
दुसरा चहा,
खाली मुंढव्याच्या पुलावर एकच टेम्पो.

तीन चाळीसला स्क्रीनवर
सातही आकडे, ओळीने.

काळभोरने 'पास' लिहिलं, फाइल पुसली.
विचारलं, "हा नंबर कुठून काढलास?"
म्हटलं, असाच.