अटक

बाबांचा करेलीबागेतला फ्लॅट भाड्याने द्यायला
तीन आठवड्यांची रजा टाकून आले.
पहिल्याच संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरी किरीटभाई भेटले,
हातात दुधाच्या पिशव्या, आवाजावर साय :
"बेन, भाडुआतनी अटक शुं?"

मी दचकले.
बत्तीस वर्षांत माझी गुजराती गंजली आहे.
अटक म्हणजे आडनाव,
हे आठवेपर्यंत एक पायरी खाली उतरले होते.

क्लीव्हलंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी
एक सिग्नल आहे, उगाच लांबणारा.
तो मी दोनदा तोडलाय.
दोन्ही वेळा पोलिसाने काच खाली घ्यायला लावली,
माझं नाव तीन प्रकारे चुकवलं
आणि म्हणाला, जपून जा घरी.
शेजारच्या लॉरेनचा टेरेन्स.
तोच सिग्नल, तोच पिवळ्याचा लाल होतानाचा क्षण.
त्याला बॉनेटवर पालथं घातलं.
एकोणीस वर्षांचा.
मनगटावरचा वळ थँक्सगिव्हिंगपर्यंत गेला नव्हता.

मग मी मोर्चाला गेले.
लोकरी हातमोजे घालून पाटी धरली.
घरासमोरच्या हिरवळीतही एक रोवली :
इथे सर्वांचं स्वागत आहे.
सहा भाषांत. त्यात मराठी नव्हती,
याचं मला थोडं वाईटही वाटलं होतं.
लॉरेन थांबली, पाटी वाचली, छान आहे म्हणाली.
मग सहज विचारावं तसं :
त्या रात्री तुझ्या खिडकीत दिवा होता ना?

होता.
पडद्यामागे मीही होते.

भाविका सयाजी हॉस्पिटलात नर्स, बहुतेक रात्रपाळी.
फ्लॅट बघायला आली तेव्हा नळ सोडून पाहिला,
दुपारी झोपायच्या खोलीत ऊन किती येतं विचारलं.
बाबांच्या खुर्चीवर बसली नाही, मी दोनदा म्हटलं तरी.
निघताना चपला घालता घालता म्हणाली,
"परमार सांगाल, तर ते विचारतील कोणते परमार.
खोटं नका सांगू, मॅडम.
नंतर सामान मलाच उचलावं लागतं."

"परमार," मी किरीटभाईंना म्हणाले.
"कया परमार?"

उत्तर मला ठाऊक होतं.
"विचारून सांगते," म्हणाले.

एकाहत्तर साली याच जिन्यात
बाबांनाही अटक विचारली होती.
पोतनीस, ते म्हणाले.
अरे, तुम्ही तर गायकवाडांच्या वेळचे! की लगेच चहा आला,
वर बशीत भाकरवडी.
हा किस्सा बाबा जन्मभर सांगत,
सेक्रेटरीच्या हेलासकट, आणि आम्ही हसायचो.
त्या दिवशी जिन्यातूनच परत कोण गेलं
हे आम्ही विचारलं नाही. किश्शात ते नव्हतंच.
मी शिकले, विमानात बसले, व्हिसा मिळाला,
सगळं माझ्या अकलेवर, असं मुलांना सांगत आले.
आमच्या घरात अटक म्हणजे
सुटका होती.

चौथ्या दिवशी भाविकाचा फोन.
तरसालीला मावशीकडे सोय झाली.
"तुमचा काही दोष नाही, मॅडम."
हे वाक्य लॉरेनने मला कधी दिलं नाही.
बरं केलं तिने.

फोन ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधला.
दारावरची पितळी पाटी. दर दिवाळीला मी चिंच लावून घासायची,
पोत-नीस, तुटक अक्षरांत, बोट फिरवत.
तीन स्क्रू निघाले.
चौथा गंजून लाकडातच रुजलाय.
पाटी आता एका कोपऱ्यावर लोंबते,
नाव वरून खाली वाचावं लागतं.

किरीटभाई जाता जाता थांबले.
"सुतार बोलावू? सरळ करून देईल."
नको, म्हणाले.
आणखीही काहीतरी म्हणायचं होतं.
शनिवारी विमान आहे,
आणि जिन्यात ते रोज भेटतात.